जाडीची राखण

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला बैठकीच्या खोलीत बसवत नसत. सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत नेत, कारण घरातला चांगला एसी तिथे होता. माझ्या सासूबाई, आउरिस्तेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "या घरात माणसं शिजतात आणि डबे गारव्याला बसतात."

डबे म्हणजे नेरिओचे कॉम्प्युटर. नेरिओ माझा नवरा. बंदरावरच्या एका कचेरीत तो नकाशे काढायचा, पण ते पोटापुरतं. जगायचा तो त्या खोलीत. सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी आत जायचा, कॉम्प्युटर चालू करायचा आणि डोळे मिटून नुसता ऐकत बसायचा. आवाज झाला म्हणजे कुठेतरी काहीतरी झिजतंय, असं त्याचं म्हणणं. एकदा त्याला पंख्याची कसलीशी घरघर ऐकू यायला लागली. मला येत नव्हती, सासूबाईंना येत नव्हती, कुत्र्यालासुद्धा येत नव्हती. पण त्या घरघरीपायी त्याने पंधरवडा घालवला. पंख्याखाली रबर लाव, स्क्रू सैल कर, परत आवळ. शेवटी माझ्या एका जुन्या चपलेचा तळवा कापून त्याच्या चकत्या लावल्या तेव्हा समाधान झालं.

मी नाश्त्याला मांदोका, म्हणजे मक्याच्या पिठाची गोड कडबोळी, तळून हाक मारायची, "नेरिओ, गार होतायत रे!"

आतून उत्तर यायचं, "श्श, राणी. ऐकू दे जरा."

"इतकं कान देऊन माझं कधी ऐकलंयस?"

"तू बिघडत नाहीस ना. म्हणून."

खोलीत आणखीही पुष्कळ काही होतं. टकटक वाजणाऱ्या कळांचे तीन-चार कीबोर्ड, पावलं मोजणारं घड्याळ, पुस्तकं वाचायची पाटी, मीटर, सोल्डरिंगची सळई, नाना तऱ्हेच्या वायरी. अंगणातल्या आंब्याला त्याने एक डबी टांगली होती, ती खोलीतल्या पडद्यावर हवामान कळवायची. आमच्या माराकायबोचं हवामान! उकडतंय, हे सांगायला यंत्र लागतं का? पण तो रोज ते आकडे बघायचा आणि मला येऊन सांगायचा, "आज कालच्यापेक्षा जास्त आहे बरं का."

दर रविवारी एडिक्सन यायचा. हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात कामाला. नेरिओ त्याच्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे आणि मी त्याची कोमाद्रे. एडिक्सन आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, बाळंतिणीने पोर आणावं तसा छातीशी धरून आणायचा. ते प्रकरण फ्रीजच्या धाकट्या भावाएवढं होतं. एक बाजू काचेची, आत सहा-सात पंखे आणि प्रत्येक पंख्यात दिवे, लाल, निळे, जांभळे. नेरिओने त्याचं नाव ठेवलं होतं जाडी.

"जाडी चढली का रे पायऱ्या?"

"तिला चढवताना माझी कंबर गेली. ये, हात लाव."

"नोव्हेंबरच्या जत्रेतलं चाक आणलंयस घरात. नुसता झगमगाट."

"आणि तुझी ती मुकी? जिवंत आहे की मेली ते बघायला नाकाशी सूत धरावं लागतं!"

नेरिओला शांतता लागायची, एडिक्सनला वेग आणि रोषणाई. या एकाच गोष्टीवर ते वीस-पंचवीस वर्षं भांडले. दुपारभर खेळ खेळायचे, काहीतरी उघडून ठेवायचे, परत जुळवायचे. मी थंड माल्टाच्या बाटल्या घेऊन गेले की दोघं एकदम मान वर करायचे, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव असायचा, चोरून जाम खाताना सापडलेल्या मुलांचा. नेरिओ बाहेर फारसा बोलका नव्हता. त्याचं हसणं मी त्या खोलीच्या दाराबाहेरूनच जास्त ऐकलंय.

रंगाचं दुकान बंद पडलं तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी घरं कुलपात गेली होती. एडिक्सनचा मेहुणा चिलीमध्ये, आन्तोफागास्ताला होता. एका मंगळवारी एडिक्सन दारात उभा राहिला, कडेवर चादरीतली जाडी. रविवार नव्हता, तेवढ्यावरून मी ओळखलं.

"बसने जातोय, कोंपाद्रे. तीन देश ओलांडायचेत. पोरीची एक पिशवी, आमची एक. हिला कुठे नेऊ?"

"दे इकडे," नेरिओ म्हणाला.

"नुसती ठेवू नकोस हं. यंत्र बंद ठेवलं की मरतं. आठवड्यातून एकदा तरी—"

"मला शिकवतोस?"

"नाही रे. सांगितलं आपलं."

"तू आलास की इथेच असेल. आहे तशी."

दोघांनी मिळून जाडीला खिडकीपासून लांब, कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. एडिक्सनने काचेवरचा आपल्या बोटांचा ठसा शर्टाच्या बाहीने पुसला. रडायला मीच लागले. ते दोघं आपले कुठली वायर कुठे जाते हेच बोलत राहिले.

तेव्हापासून नेरिओचा रविवार ठरून गेला. जाडी चालू करायची. सगळे पंखे फिरतात ना, बघायचं. पडद्यावर एडिक्सनच्या मुलीचा फोटो यायचा, समोरचे दोन दात पडलेले, आणि खाली पासवर्डची चौकट. नेरिओ तिथे थांबायचा. फोनवर छोटासा व्हिडिओ काढून एडिक्सनला पाठवायचा, "जाडीचा नमस्कार." मग बंद. त्या चौकटीच्या पुढे तो कधी गेला नाही. मी एकदा म्हटलं, "तुला तर असली कुलपं चुटकीसरशी उघडता येतात. आतले खेळ तरी खेळ."

"शेजाऱ्याने घराची किल्ली दिली म्हणून तू त्याच्या कपाटात हात घालशील?"

"मी घालीन."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि हसला.

पुढे विजेचे हाल सुरू झाले. नुसती गेली असती तरी सोसलं असतं. ती यायची ती पिसाळून यायची. दिवे एकदम पांढरेफटक व्हायचे, मग मिणमिणते, मग परत भडकायचे, आणि त्या उसळीत घरोघरी काही ना काही जळायचं. आधी कॉम्प्युटरच्या खोलीतला एसी गेला. मग धुण्याचं यंत्र. नेरिओने गाडीची बॅटरी, इन्व्हर्टर, वीज तोडणारे खटके असं सगळं जोडून खोलीच्या तोंडाशी एक तटबंदी उभी केली. तरी भरवसा नव्हता. दिवा थरथरला की असेल तिथून तो धावायचा आणि प्लग उपसायचा. एकदा न्हाणीघरातून तसाच धावला, अंगाला साबण, कमरेला काही नाही, आणि नेमक्या सासूबाईंच्या प्रार्थनामंडळाच्या बायका ओसरीवर. त्या बायका कित्येक महिने त्याला बघून पदराआड हसल्यासारखं हसायच्या.

पण एकदा तो धावला तो खोलीकडे, आणि स्वयंपाकघरात फ्रीज जळाला.

"दहा पावलांवर फ्रीज होता, नेरिओ! दहा!"

"चुकलंच."

"जाडीला काय झालं?"

"तिला काही नाही झालं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की माझी पुढची शिवी तोंडातच राहिली. नवा फ्रीज परत आमच्या घरी आला नाही.

मग एका मार्चमध्ये सगळा देशच अंधारात गेला. दिवसामागून दिवस वीज नाही, पाणी नाही, फोन नाही. गल्लीत लोक सडायच्या आत मांस भाजून वाटत होते, पुढे तेही संपलं. लांबून दुकानं फोडल्याचे आवाज यायचे. सासूबाई झोपाळ्यात पडून होत्या आणि मी कीबोर्डच्या रिकाम्या खोक्याने त्यांना वारा घालत होते. अखेर वीज आली तेव्हा गल्लीभर आरडाओरडा, आनंद, कोणी भांडी बडवतंय. नेरिओ एकटा रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "थांबा! काही लावू नका! अजून स्थिर नाहीये!" कोण ऐकतो?

त्याने स्वतः धीर धरला. वीज नीट झाली असं वाटल्यावर एका रविवारी जाडी चालू केली. पोरीचा फोटो आला, आणि त्याच क्षणी दिवा भडकला. तटबंदी, खटके, सगळं असूनही आतून फट् झालं आणि जळका वास आला. नेरिओने काच काढली, वाकून बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसला.

"काय गेलं?" मी विचारलं.

"वीज देणारा डबा गेला. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. डिस्क वाचलीय."

दुसऱ्या दिवशी मी खोलीत डोकावले तर त्याने आपला तो मुका कॉम्प्युटर उघडला होता. चपलेच्या चकत्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या.

"अरे वेडा झालास का? तुझा एवढा एकच धड उरलाय!"

"माझं काय, माझं मला. हे त्याने ठेवायला दिलंय."

"त्याला सांग की जळली म्हणून. सगळ्यांचं सगळं जळतंय. तो काय फाशी देणार आहे?"

"आहे तशी असेल, असं बोललोय मी."

तो उलट बोलला असता तर मी भांडले असते. पण तो हळूच बोलला, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं. मुकीचं काळीज जाडीत गेलं. पुढल्या दोन वर्षांत बाकीचंही गेलं. मेमरी जळली, ती दुसऱ्या जुन्यातून काढून लावली. वीज देणारा डबा परत गेला तेव्हा त्याने आपले कीबोर्ड आणि ते पावलं मोजणारं घड्याळ लास प्लायितासच्या बाजारात देऊन एक वापरलेला डबा आणला. शेवटी एडिक्सनचं म्हणावं असं तिच्यात पेटी, दिव्यांचे पंखे आणि ती डिस्क एवढंच राहिलं होतं. नेरिओची खोली मात्र दात पडलेल्या तोंडासारखी दिसायला लागली.

मधल्या काळात कचेरी बंद झाली. नेरिओ लोकांच्या टाक्यांत पाणी चढवायच्या कामाला लागला, भाड्याचा पंप गाडीवर घालून. आधी गल्लीतले लोक त्याच्याकडे यंत्रं घेऊन यायचे. आता कोणाकडे यंत्र उरलं नव्हतं, आणि लोकही उरले नव्हते. रस्त्याखालची टेलिफोनची तार चोरांनी उपसून नेली, इंटरनेट गेलं. त्या वर्षी सासूबाईही गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्यासाठी बॅटरीवर एक छोटा पंखा चालायचा, आणि रविवारी त्या स्वतःच म्हणायच्या, "ने रे बॅटरी, त्या तुझ्या बाईला उठव. मला काय, मी जन्मभर उकडतेच आहे." तेवढी पाच मिनिटं मी त्यांना खोक्याने वारा घालायची.

व्हिडिओ पाठवायला नेरिओ चर्चसमोरच्या चौकापर्यंत चालत जायचा, कारण फोनला तिथेच जरा जोर यायचा. परत आला की म्हणायचा, "अंगठा आला." एडिक्सनकडून अंगठ्याचं चित्र आलं, की त्याचा आठवडा पार पडायचा. कधीमधी मी विचारायची, "काही लिहिलंय?" तो म्हणायचा, "कामात असेल."

आणि मग एडिक्सन खरंच आला. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, म्हणून आठवडाभराची सुटी काढून. नेरिओने काचेवरचे ओरखडे टूथपेस्टने घासून काढले. पंख्यांच्या पात्या ब्रशने एकेक करून पुसल्या. आमच्या भागात वीज सकाळीच असायची, दुपारी जायची. त्यामुळे तो पहाटेपासून दाढी करून तयार. दोनदा खटके तपासले. मला म्हणाला, "मांदोका कर."

एडिक्सन उशिरा आला, उन्हं चढल्यावर. वाळला होता. बूट चांगले होते, पण हात बघवत नव्हते, बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. तिकडे तो कोंबड्यांच्या कारखान्यात होता, बर्फासारख्या खोलीत उभं राहून कापायचं काम.

"तिकडे मी थंडीने मरतो, इकडे तुम्ही उकाड्याने," तो मला मिठी मारत म्हणाला. "कोमाद्रे, वाटून घ्यायला हवं होतं."

"तू आधी खा. हाडं टोचली मला."

कॉफीचा पुडा, औषधं, साबण असं पुष्कळ काही आणलं होतं त्याने. खाताना वडिलांचं बोलला, तिथल्या भाड्याचं, मुलीचं. ती आता त्याच्या खांद्याला लागते म्हणाला. नेरिओ नुसता खुर्चीच्या टोकावर. शेवटी न राहवून उठला. "चल," म्हणाला.

खोलीत त्याने चादर ओढली. एडिक्सन बघतच राहिला.

"ही अजून आहे?"

"म्हणजे काय! दर रविवारी बघतोस ना?"

एडिक्सनने माझ्याकडे बघितलं. फक्त क्षणभर. पण मला कळलं. "हो, हो," तो म्हणाला, "बघतो की."

नेरिओने बटण दाबलं. सगळे पंखे फिरले, लाल, निळे, जांभळे. पडद्यावर ती दात पडलेली पोर आली. एडिक्सनचा चेहरा तेवढा हलला. तो पुढे वाकला आणि फोटोजवळ बोट नेलं, टेकवलं नाही.

"टाक पासवर्ड," नेरिओ म्हणाला. दोन्ही हात मागे बांधून उभा होता, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापासारखा.

एडिक्सनने काहीतरी टाकलं. चूक. परत टाकलं. चूक. "कुत्र्याचं नाव होतं की काय रे..." तेही चूक. तो हसला, मान खाजवली. "विसरलो, कोंपाद्रे."

"सावकाश. आठवेल. वीज जायला अजून आहे वेळ."

"नाही आठवत रे."

"मग मी उघडतो. दहा मिनिटं लागतील. येतं मला."

"येतं तर इतकी वर्षं उघडलं का नाहीस?"

"तुझी आहे ना," नेरिओ म्हणाला.

पंखे फिरत होते. मग एडिक्सन खुर्चीत मागे टेकला. "राहू दे. आत काय असणार? खेळ, गाणी. मला आता काय करायचंय. खरं सांगू? मला वाटलं तू कधीच विकली असशील. बायकोला म्हणायचो, पडत्या दिवसांत कोंपाद्रेच्या कामी आली असेल तर बरंच झालं."

"मी व्हिडिओ पाठवत होतो," नेरिओ म्हणाला. "तू अंगठा पाठवायचास."

"मी?" एडिक्सन गोंधळला. "रविवारी माझी कारखान्यात पाळी असते. फोन घरी राहतो. पोरगी पाठवत असेल, तुला वाईट वाटू नये म्हणून." नेरिओच्या तोंडाकडे बघून त्याने मान खाली घातली. "पहिल्या वर्षी बघायचो मी. शपथ. पण हे दिवे बघितले की पुढचे दोन दिवस हातात सुरी धरवायची नाही. मग बघायचं सोडलं. सोडल्यावर बरं वाटलं."

"बरोबर आहे," नेरिओ म्हणाला.

"रागावलास?"

"नाही."

तेवढ्यात दिवा थरथरला. एकदा, दोनदा. मी सवयीने नेरिओकडे बघितलं. तो जागचा हलला नाही. प्लग त्याच्या हाताएवढ्या अंतरावर होता. वीज गेली, जाडी विझली, खोलीत उकाडा तेवढा राहिला.

जाताना एडिक्सन दारात थांबला. "विकून टाक ती. येईल ते तुझं." मग काहीतरी आठवून म्हणाला, "आणि तुझी कुठे आहे? ती मुकी?"

"आहे की," नेरिओ म्हणाला. "आत आहे."

ते खरंच होतं. एडिक्सनने मान डोलावली, दोघांनी मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या. गल्लीच्या वळणावरून त्याने हात केला. त्याचा काही दोष होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आज म्हणत नाही.

नेरिओने जाडी विकायला काढली, पण घेणार कोण? वीज नसलेल्या गावात. शेवटी बर्फाच्या गोळ्याची गाडी चालवणारा एकजण आला, त्याला फक्त दिव्यांचे पंखे हवे होते, गाडीच्या छताला लावायला. नेरिओने स्वतः काढून दिले, कुठली वायर कुठे जोडायची ते समजावलं. उरलेलं भंगारवाल्याने नेलं, काच सोडून. काच मला स्वयंपाकघराच्या खिडकीला हवी होती. भंगारात डिस्क जाताना मी म्हटलं, "निदान ती तरी ठेव." तो म्हणाला, "कोणासाठी?"

आता त्या खोलीत पाण्याची पिंपं आहेत. नेरिओ पहाटे पंप घेऊन जातो, दुपारी येतो, जेवतो, ओसरीवर बसतो. माझ्याशी चांगला वागतो, पूर्वीपेक्षा जास्त ऐकतो म्हटलं तरी चालेल. मी बोलत असले की माझ्याकडे बघत बसतो. पण बोलून झाल्यावर मला कळतं की त्याला माझा फक्त आवाज ऐकू येत होता.

परवा शेजारच्या घरात नव्याने राहायला आलेली बाई आली. तरुण आहे, नवरा कोलंबियात. तिच्या फोनचा पडदा काळा झाला होता आणि नवऱ्याशी बोलायला दुसरं काही नव्हतं.

"समोरच्या दुकानात म्हणाले, तुम्हाला यातलं कळतं म्हणून. जरा बघता का?"

नेरिओने फोन हातात घेतला. पालथा केला, कडेने अंगठा फिरवला. मी आत केळी सोलत होते, माझा हात थांबला. त्याने फोन परत तिच्या हातात ठेवला.

"चुकीचं सांगितलं त्यांनी," तो म्हणाला. "मला यातलं काही येत नाही, बाई."

ती "माफ करा हं," म्हणाली आणि उन्हात डोक्यावर हात धरून निघून गेली. नेरिओ उठला आणि पाण्याचा टँकर आला का ते बघायला रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेला. त्या दिवशी टँकर आला नाही.